कोळशाच्या गावचं गाणं

सुप्रभाताई खांबेट्यांना कुणी गायला सांगितलं की त्या आधी विचारायच्या, "पुढे उभी राहू की मागे?"

विचारण्याला कारण होतं. टोकियोतल्या आमच्या मंडळाच्या गणपतीत त्या दर वर्षी कोरसमध्ये, आणि कोरसमध्येही मागच्या रांगेत. संगीत विशारद झालेली बाई. पण आवाज रुंद, जरा नाकातला, वरच्या सुरांना खरखरणारा. माइक जवळ आला की त्या आवाजाला धार यायची आणि पुढच्या रांगेतल्या गोड गळ्याच्या मुली झाकल्या जायच्या. सांगलीत लग्नाआधी त्यांनी रेडिओसाठी आवाजाची चाचणी दिली होती. तिथल्या गृहस्थांनी सांगितलं, "बाई, तयारी उत्तम आहे, पण हा आवाज रेडिओचा नाही." ताई ही गोष्ट हसत सांगायच्या. "म्हणजे मी समोरासमोरच झेपते म्हणे. भिंतीपलीकडून नाही." ऐकणारे हसले की त्याही हसायच्या, आणि मग चहाचे कप उचलायला लागायच्या. बसून हसत राहिलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नाही.

टोकियोच्या एदोगावा भागात आम्ही एकाच इमारतीत राहायचो, त्यांच्या खालच्या मजल्यावर मी. त्यांचे यजमान उल्हासराव धातूंवर संशोधन करायचे. मुलगी कश्मिरा जपानी शाळेत नववीत होती. तिच्याशी मराठीत बोललं की ती जपानीत उत्तर द्यायची, रागावलं की इंग्रजीत.

तो मोठा भूकंप झाला त्या वर्षी आमच्यातली बरीच कुटुंबं आठवडाभरात भारतात निघून गेली. उल्हासरावांच्या प्रयोगशाळेतली यंत्रं जागची हलली होती, ती सोडून जाणं त्यांना जमेना, म्हणून खांबेटे राहिले. मागे राहिलेल्या प्रत्येक घराने घेतला तसा त्यांनीही एक हाताने दांडा फिरवून चालणारा रेडिओ घेतला. जपानी बातम्यांचा वेग ताईंना झेपत नसे. त्यांनी काटा फिरवत फिरवत अमेरिकन लष्करी तळाचं इंग्रजी केंद्र शोधून काढलं आणि रेडिओ ओट्यावर ठेवला. बातम्या अधूनमधून. बाकी वेळ गाणी, त्यातली पुष्कळशी कंट्री.

"ऐक," त्या मला म्हणायच्या. "आता याचा ट्रक येईल. मग बिअर येईल. मग ती सोडून जाईल."

आणि खरंच तसं व्हायचं. सगळी गाणी तुपात घोळवून काढल्यासारखी गुळगुळीत. आम्ही भाजी निवडत त्यांची चेष्टा करायचो. त्या दिवसांत चेष्टेची गरज होती.

एका दुपारी त्या कणीक मळत होत्या. निवेदक काहीतरी विनोद करून म्हणाला की आता आजीच्या पेटाऱ्यातलं एक ऐका. आणि एका बाईचा आवाज आला. साथीला एकच कसलंतरी तंतुवाद्य, तेही जरा उतरलेलं. आवाज नाकातला, उघडा, कुठे लाड नाहीत. खाणीत गेलेल्या नवऱ्याचं गाणं होतं. तो वर येत नाही, बायको रोज संध्याकाळी त्याचं ताट मांडते, आणि शेवटच्या कडव्यात ते ताट उचलते. एवढंच. मध्येच धरणीने एक छोटा हिसका दिला. कपाटातल्या बरण्या वाजल्या. मी टेबलाखाली गेले. ताई ओट्यापाशी तशाच उभ्या, हात परातीत.

उल्हासराव आतून ओरडले, "अहो, खाली व्हा."

"थांबा हो, संपू दे."

गाणं संपलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं, टेबलाखाली. "अगं," त्या म्हणाल्या, "हिला कसं काय लावलं रेडिओवर? हिचा आवाज तर माझ्यासारखा आहे."

त्या केंद्रावर ते गाणं परत कधी लागलं नाही. ताईंनी उन्हाळाभर वाट पाहिली. शेवटी कंटाळून कश्मिराने संगणकावर जपानीत शोधाशोध केली आणि सांगितलं, "आई, जुनं कंट्री ऐकवणारं एक कॅफे आहे. कोइवात. फक्त ओजीसान लोक असतात. टोप्या घालून." ओजीसान म्हणजे आजोबा. तिच्या तोंडावर असा भाव होता की जणू आई नाटक कंपनीत भरती व्हायला निघाली आहे.

कोइवा स्टेशनच्या मागे एका जिन्याने वर जायचं. लाकडी भिंती, घोड्याचे नाल, खुंटीवर रुंद कडांच्या टोप्या, आणि छतापर्यंत रेकॉर्डी. मालक सुगावारा-सान सत्तरीचे, बारीक, कॉफीवर पाणी ओतायला पाच जणांचा वेळ घेणारे. ताईंनी आपल्या मोडक्या जपानीत गाणं समजावायचा प्रयत्न केला आणि मग सरळ गुणगुणल्या. दुसऱ्या ओळीला सुगावारांनी किटली खाली ठेवली, शिडी लावली आणि न शोधता एक रेकॉर्ड काढली.

"रेडिओने चुकून लावलं असणार," ते म्हणाले.

ती बाई कोळशाच्या गावातली, लोकांचे कपडे धुणारी. कुणी ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन डोंगरातून हिंडत होता, त्याने तिच्या स्वयंपाकघरात बसून हे मुद्रित केलं. दुसऱ्या कडव्यात दार करकरतं ते ऐकू येतं. शेवटच्या ओळीत तिचा श्वास भलत्याच जागी तुटतो, तोही ऐकू येतो. तिने पुन्हा कधी गाणं दिलं नाही. "रेडिओवर येतं त्याला साखर लावलेली असते," सुगावारा म्हणाले. "ही साखर लागायच्या आधीची."

मग दर आठवड्याला आमची फेरी सुरू झाली. मी सोबतीला, कारण कॉफी चांगली होती आणि ताईंना एकटीने जायला संकोच वाटायचा. सूतगिरणीतल्या बायकांची गाणी ऐकली, तुरुंगातली ऐकली, एका आंधळ्या फिडलवाल्याची ऐकली, ज्याच्या वाद्यापेक्षा त्याच्या पायाचा ठेका मोठा होता. परत येताना बसमध्ये ताई बोलत राहायच्या. "या ओव्या आहेत गं. जात्याऐवजी गिटार, बाकी तेच. काम करता करता म्हटलेलं, कुणाला खूश करायचं नाही. मी आयुष्यभर गळा घासून गोड करायला बघितला. कशाला?"

एकदा दुकानात दुसरं कुणी नव्हतं तेव्हा सुगावारांनी त्यांना ते खाणीचं गाणं म्हणायला लावलं. ताईंनी सवयीने विचारलं, "उभी राहू की..." आणि मग कुठे उभं राहायचं हा प्रश्नच नाही हे लक्षात येऊन जागच्या जागी सुरू झाल्या. मी त्यांना कोरसमध्येच ऐकलं होतं. त्या दिवशी कळलं की आम्ही कसला आवाज मागच्या रांगेत उभा करत होतो. सुगावारांनी गॅस बंद केला आणि गाणं संपल्यावर लहान मुलासारखं नाक पुसलं.

"सुपुराबा-सान," ते म्हणाले, "गुरुवारी संध्याकाळी या. आमचा बँड आहे."

बँडमध्ये एक दंतवैद्य, एक पोस्टातून निवृत्त झालेले, एक अजून कचेरीत जाणारे आणि गिटारवर स्वतः सुगावारा. त्यांची रीत अशी: आधी सगळ्यांनी डोळे मिटून मूळ रेकॉर्ड ऐकायची. मग तसंच वाजवायचं. तसंच म्हणजे तसंच. मूळ गिटारची तार जिथे झणकली आहे तिथे झणकवायची. दार करकरतं तिथे दंतवैद्य पायाने फळी दाबायचे. ताईंना पहिल्यांदा हसू आवरेना. "अहो, दाराचीही तालीम?" असं मला मराठीत म्हणाल्या.

तिसऱ्या गुरुवारी त्या रंगात आल्या. शेवटच्या कडव्यात, ताट उचलण्याच्या ओळीवर, त्या थांबल्या. मूळ बाई थांबत नाही, त्या थांबल्या. मग खालून एक मींड घेत वर गेल्या, तो शब्द दोनदा निराळ्या वळणाने घोळवला आणि एक आवर्तन जास्त फिरून समेवर नेमक्या उतरल्या. माझ्या अंगावर काटा आला. पण समेवर त्यांना भेटायला कुणी नव्हतं. बँड केव्हाच गाणं संपवून मोकळा झाला होता.

चौघांनी वाद्यं खाली ठेवली, उभे राहिले आणि कमरेत वाकले. "सुमिमासेन. माफ करा, आमची चूक झाली."

ताई मनापासून म्हणाल्या, "छे छे, काही नाही. परत घेऊ."

आणि परत घेतलं. या वेळी त्याच जागी दुसरीच हरकत. पुन्हा सगळे वाकले, पुन्हा माफी. ताईंनी पुन्हा उदारपणे माफ केलं आणि तिसऱ्यांदा घेतलं. दंतवैद्यांचे कान लाल झाले होते. सुगावारा रेकॉर्डच्या वेष्टनाकडे बघत होते.

बसमध्ये ताई फुललेल्या होत्या. "साथ कच्ची आहे, पण माणसं किती नम्र. आपल्याकडे गवयाने जागा घेतली आणि तबलजी चुकला, तर तबलजीच रुसतो. हे बघ, चूक कबूल करतात. होतील तयार."

"ताई, मला ते नाराज वाटले."

"काहीतरीच तुझं. मान किती खाली गेली पाहिलीस ना?"

पुढच्या गुरुवारी निरोप आला की पोस्टवाल्यांचा गुडघा दुखतो, तालीम नाही. त्याच्या पुढच्या वेळी दंतवैद्यांना काम. मग जागेची अडचण. मग गुडघाच पुन्हा. दिवाळी आली. ताई चिवड्याचा डबा घेऊन कोइवाला गेल्या, गुरुवारच होता, आणि तशाच डब्यासकट माझ्या दारात परत आल्या. आत येऊन खुर्चीत बसल्या.

"जिन्यातून ऐकलं," त्या म्हणाल्या. "दारसुद्धा वेळेवर करकरलं. गुडघा बरा झालेला दिसतोय."

मी चहा ठेवला. त्यांनी डबा उघडला आणि आम्ही दोघींनी त्यातला चिवडा खाल्ला.

उल्हासरावांचं म्हणणं सरळ होतं. "सोडून द्या. जपानी माणूस नाही म्हणत नाही, गायब होतो. आमच्याकडे तीन प्रकल्प असे गायब झालेत."

पण ताईंना सोडवेना. पन्नाशीला आलेल्या त्या बाईला आयुष्यात एकदाच कुणीतरी स्वतःहून पुढे उभं केलं होतं. एका दुपारी मला घेऊन त्या सुगावारांकडे गेल्या आणि कॉफीही न मागता म्हणाल्या, "माझं काय चुकलं ते सांगा. माफी मागू नका, सांगा."

त्यांनी हातातला कप पुसून खाली ठेवला. मग सांगितलं. ते उत्तरेकडच्या मियागीच्या किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यातले. शाळेत असताना ओइकावा नावाचा मित्र आणि ते मिळून एका रेडिओवर अमेरिकन गाणी ऐकायचे. पुढे ही खाणीची रेकॉर्ड हाती आली. शब्द कळत नसताना दोघांनी ती आवाजावरून पाठ केली, श्वासासकट. सुगावारा टोकियोला आले, ओइकावा गावात मासेमारी करत राहिला, बँजो वाजवत राहिला. वर्षातून दोनदा भेटायचे आणि तेच गाणं म्हणायचे. मार्चमध्ये त्या भूकंपाची लाट आली. ओइकावा नावेकडे धावला. घर, नाव, बँजो, काही राहिलं नाही. पुढच्या शरदात त्या गावातल्या लोकांच्या तात्पुरत्या वसाहतीत त्याच्या आठवणीचा कार्यक्रम करायचा होता. ओइकावाची बायको तिथे राहते.

"त्या गावातलं एक वळणसुद्धा जागेवर नाही," सुगावारा म्हणाले. "हे गाणं आहे. त्याने यातला एक श्वास कधी बदलला नाही. मीही बदलू देणार नाही."

ताई म्हणाल्या, "आमच्यात म्हणतात, दर वेळी नवं झालं नाही तर गाणं मेलं."

"हो," ते म्हणाले. "मेलेलंच आहे. म्हणून हलवायचं नाही."

ताईंनी विचारलं, "मी तसंच म्हटलं तर? अगदी रेकॉर्डसारखं?"

सुगावारांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ते वाकले. या वेळी ती माफी नव्हती.

मग वरच्या मजल्यावरून जे ऐकू येऊ लागलं ते मी रियाज म्हणणार नाही. रियाजात माणूस काहीतरी मिळवतो. ताई एकेक गोष्ट काढून टाकत होत्या. आधी मींड गेली. मग मुरकी. सुरावर रेंगाळायची सवय गेली. सांगलीच्या बुवांनी वर्षानुवर्षं बसवलेला दमसास त्यांनी मोडून काढला, कारण मूळ बाईचा श्वास ओळीच्या मध्येच तुटायचा आणि तो तिथेच तुटायला हवा होता. कश्मिरा परीक्षकासारखी शेजारी बसायची. रेकॉर्ड, मग आई. रेकॉर्ड, मग आई. "चिगाउ," ती म्हणायची, म्हणजे चूक. "तू अजून गातेयस. ती गात नाही, ती सांगते."

"अगं, गळ्याला लागलेलं आहे ते. कसं काढू?"

"चिगाउ. वन्स मोअर."

त्यांचा तंबोरा कपाटामागे गेला. सकाळी पोळ्या करताना त्या गुणगुणायच्या ते थांबलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "भैरवी तोंडात आली की त्या बाईचा सूर निसटतो. कार्यक्रम होऊ दे, मग आहेच." उन्हाळ्यात बँडने त्यांना परत घेतलं. तालमीत आता कुणी माफी मागत नव्हतं. दंतवैद्य फळी दाबायचे, ताई श्वास तोडायच्या, आणि शेवटी पोस्टवाले हलकेच म्हणायचे, "होनमोनो." अस्सल.

शरदात आम्ही बसने मियागीला गेलो. किनाऱ्यालगत सपाट जमीन होती, गवत वाढलेलं, मध्येच एखाद्या घराचा नुसता पाया. वसाहत टेकडीवरच्या शाळेच्या मैदानात, सारखी राखाडी घरं ओळीने. सभागृह म्हणजे एक लांब खोली. म्हातारी माणसं गुडघ्यांवर पांघरुणं घेऊन बसलेली. टोप्या घातलेला बँड भिंतीपाशी उभा राहिला आणि सुपुराबा-सान सगळ्यांच्या पुढे, मध्यभागी.

काय सांगू, चूक म्हणून काढता आली नाही. दार करकरलं. श्वास तुटला. ताट उचललं गेलं. डोळे मिटले असते तर सुई घासल्याचा आवाज तेवढा कमी होता. सुगावारा गिटार वाजवताना रडत होते आणि त्यांचा हात एकदाही चुकला नाही. टाळ्या पुष्कळ पडल्या. उल्हासराव माझ्या कानाशी म्हणाले, "कमाल केली हो. फरकच नाही." त्यांना खरंच अभिमान वाटत होता.

निघताना दाराशी, बूट ठेवायच्या फडताळापाशी, एक ठेंगणी बाई ताईंची वाट बघत थांबली होती. ती ओइकावाची बायको. तिची बोली तिकडची, आम्हाला समजेना. कश्मिरा मध्ये उभी राहून खांदे पाडून सांगत होती.

"थँक्यू म्हणतायत. रेकॉर्डसारखंच झालं म्हणतायत."

ताई वाकल्या. ती बाई अजून बोलत होती. कश्मिरा ऐकत राहिली, तिने एकदा आईकडे पाहिलं.

"काय म्हणतात?"

"म्हणतायत की... ते काका तसं नव्हते म्हणत. म्हणजे सुगावारा-सान यायचे तेव्हा म्हणायचे, त्यांना तसंच आवडतं म्हणून. पण नावेवर, घरी, वेगळंच म्हणायचे. आपलं तिकडचं कोळ्यांचं गाणं मिसळून. मनाला येईल तसं. लांबवून." कश्मिरा थांबली. "टोकियोहून एक परदेशी बाई येणार कळलं तेव्हा यांना वाटलं, कदाचित तसं काही ऐकायला मिळेल."

ताईंचा चेहरा मी बघत होते. त्यांनी जपानीत स्वतःच विचारलं, "कसं म्हणायचे ते? जरा म्हणून दाखवाल?"

बाईने तोंड उघडलं, मिटलं, आणि मान हलवली. हे मात्र मलाही कळलं. आठवत नाही. रोज निराळं असायचं.

सुगावारा पलीकडे वायर गुंडाळत होते. त्यांना ऐकू गेलं नाही आणि ताईंनी ते जाणार नाही याची काळजी घेतली, दोन पावलं सरकून त्या बाईच्या आणि त्यांच्या मध्ये उभ्या राहिल्या. मग ती बाई कश्मिराला काहीतरी म्हणाली.

"आई, तुम्ही तुमच्या मनाचं म्हणा म्हणतायत. हळू. एकच कडवं."

ताईंनी पदर सारखा केला. डोळे मिटले. शेवटचं कडवं त्यांनी अगदी हळू धरलं, आणि मी ओइकावाच्या बायकोइतकीच वाट बघू लागले, त्या थांबण्याची, त्या खालून वर जाण्याची. ताटाच्या ओळीवर त्यांनी मान किंचित उचलली. गळ्याची शीर ताणली गेलेली मला दिसली. आणि श्वास तुटला, रेकॉर्डमधल्या बाईचा तुटतो तिथेच, आणि गाणं संपलं.

त्यांनी डोळे उघडले. "थांबा," त्या म्हणाल्या, मराठीतच, आणि पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच तुटला.

ओइकावाची बायको खोल वाकली. आभार मानून तिने फडताळातून ताईंचे बूट काढले आणि त्यांना घालायला सोयीचे पडतील असे जोडीने, दाराकडे तोंड करून, खाली ठेवले.